दुर्मिळ आजाराचा तमाशा नको, नोंद हवी

‘जगातली पहिलीच शस्त्रक्रिया’, ‘लाखात एक आजार’, ‘डॉक्टरही चक्रावले’. अशी एखादी बातमी दर महिन्याला कुणीतरी मोबाइलवर मला दाखवतं आणि विचारतं, "डॉक्टर, हे खरं आहे का हो?" बहुतेक वेळा आजार खरा असतो आणि ऑपरेशनही झालेलं असतं. पण ती बातमी वाचून तुमच्या हाती काय आलं, असं मी उलट विचारलं की समोरचा गप्प होतो. हाती काहीच आलेलं नसतं. दोन मिनिटं आश्चर्य वाटलं, चार जणांना फॉरवर्ड केलं, संपलं.

दुर्मिळ आजारांबद्दल लिहिण्याची ही पद्धत निरुपयोगी आहे आणि घातकसुद्धा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती रुग्णाला जत्रेतल्या तंबूत उभं करते. डॉक्टरला जादूगार करते. वाचकाला मात्र जे कळायला हवं होतं ते सांगतच नाही. एरवी एका विचित्र केसमधून हजारो माणसांचे जीव वाचू शकतात, आणि तसे वाचलेले आहेत. त्याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. प्रभादेवी स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलं की जे परळ लागतं, तिथेच एक आहे.

केस रिपोर्ट म्हणजे नक्की काय?

एखाद्या डॉक्टरला नेहमीच्या ठोकताळ्यात न बसणारा रुग्ण भेटला की तो त्याची तपशीलवार नोंद करतो आणि वैद्यकीय नियतकालिकात छापतो. त्याला केस रिपोर्ट म्हणतात. रुग्णाला काय त्रास होता, कोणत्या तपासण्या केल्या, आधी काय वाटलं, मग काय निघालं, कोणते उपचार दिले आणि शेवटी काय झालं, हे सगळं त्यात ओळीने यावं लागतं. छापण्याआधी दुसरे तज्ज्ञ तो वाचतात, शंका काढतात, कधी परतही पाठवतात. परळच्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या प्राध्यापक मंडळींनी १९५५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सुरू केलं. ते आजही निघतं आणि अशा कितीतरी नोंदी त्यात सापडतात.

या नोंदीचा हेतू एकच असतो: उद्या दुसऱ्या कुठल्या गावात असाच रुग्ण दुसऱ्या डॉक्टरपुढे बसला, तर त्याचा वेळ आणि रुग्णाचा जीव वाचावा. १९८१ च्या ५ जून रोजी अमेरिकेच्या एका सरकारी साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली. धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया त्या पाचही जणांना झाला होता. एवढीशी ती नोंद, पण जगाला एड्सची पहिली चाहूल तिथून लागली. कुणीही ‘चमत्कारिक न्यूमोनिया’ असा मथळा दिला नव्हता. जे दिसलं ते लिहिलं होतं.

परळ, १९५२

आता आपल्या घरची गोष्ट. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया ही परळची मंडळी. मोजक्याच काही माणसांचं रक्त तपासताना त्यांना एक विसंगती दिसली. लाल पेशी तपासल्या तर ए नाही आणि बीही नाही, म्हणजे रक्तगट ओ. पण याच माणसांचं रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळलं की त्या पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. ओ गटाच्या माणसाला ओ रक्त चालायलाच हवं, हे तोवर पक्कं मानलेलं. इथे एकही ओ चालेना.

अशा वेळी ‘ट्यूब नीट धुतलेली नसेल’ किंवा ‘रसायन जुनं झालं असेल’ म्हणून नमुना बाजूला सारणं सगळ्यात सोपं असतं. दवाखान्यात गर्दी असते, काम साचलेलं असतं. या मंडळींनी तो बाजूला सारला नाही. पुन्हा तपासलं, लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या रक्तगट तज्ज्ञांना सोबत घेतलं आणि १९५२ मध्ये सर्वांच्या नावाने ‘लॅन्सेट’मध्ये छोटासा लेख छापला. त्या लेखाच्या इंग्रजी शीर्षकातला ‘नवा’ हा शब्दसुद्धा त्यांनी अवतरणचिन्हांत टाकला होता. रक्तगटाच्या शास्त्रात मोठी भर घालणारा शोध, आणि ‘नवा’ म्हणताना एवढा संकोच! आज एखादं ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी ‘देशात प्रथमच’ असा फलक लागतो, तेव्हा मला त्या अवतरणचिन्हांची आठवण होते.

हाच तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. पुढे १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने परळलाच रक्तगटांचं संदर्भ केंद्र काढलं. आज ते राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था म्हणून केईएमच्या आवारात काम करतं.

खुंटी आणि टोपी

हा गट समजून घ्यायला एक साधी कल्पना करा. तुमच्या लाल पेशीवर असंख्य खुंट्या आहेत. या खुंटीला शास्त्रात एच अँटिजन म्हणतात. ए गटाच्या माणसाच्या खुंटीवर ए नावाची टोपी असते, बी गटाच्या खुंटीवर बी टोपी, एबी गटात दोन्ही. ओ गटाच्या माणसाकडे टोपी नसते, नुसती खुंटी असते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ती खुंटीच नसते.

आपल्या शरीरात जे नाही ते शरीर परकं मानतं. म्हणून बॉम्बे गटाच्या रक्तात ए आणि बी विरुद्ध तर अँटीबॉडी असतातच, शिवाय खुद्द खुंटीविरुद्धही असतात. ओ रक्तावर तर नुसत्या खुंट्याच खुंट्या. ते रक्त अशा माणसाला दिलं, तर शरीर त्या पेशी फोडून टाकतं. थंडी भरून ताप येतो, लघवी लाल होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीव जाऊ शकतो. या माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती कितीतरी घरांमध्ये कलह टाळू शकते. खुंटी नसली म्हणजे टोपीचा जीनही नाही, असं नाही. एखाद्या आईकडे ए टोपीचा जीन असतो, पण खुंटी नसल्यामुळे ती टोपी दिसत नाही आणि साध्या तपासणीत तिचा गट ‘ओ’ येतो. नवराही ओ. मुलाला मात्र वडिलांकडून खुंटी मिळते, आईकडून टोपी मिळते आणि मुलाचा गट येतो ए. शाळेच्या पुस्तकातला तक्ता सांगतो की दोन ओ पालकांचं मूल ए असू शकत नाही. तो तक्ता वाचून कुणी त्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याआधी परळला १९५२ मध्ये काय सापडलं ते वाचावं. नुसत्या रक्तगटाच्या कार्डावरून बाप ठरवू नये.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या मोजक्या माणसांमुळे तुमच्या-माझ्या रक्तगटाचा उलगडा व्हायला मदत झाली. ए आणि बी या टोप्या आधी कशावर तरी बसतात, ती पायरी वेगळी आहे आणि तिचा जीनही वेगळा आहे, हे खुंटी नसलेली माणसं भेटल्यामुळे स्पष्ट झालं. लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट शोधले, पण त्या घराचा पाया कुठे आहे, ते मुंबईच्या केसने दाखवलं. दुर्मिळ केसची खरी किंमत ही असते.

तुमच्या खिशातलं कार्ड

आता व्हॉट्सअॅपवर बॉम्बे ब्लड ग्रुपचे जे संदेश फिरतात, त्यांत काय असतं ते पाहा. ‘जगातला सर्वांत रहस्यमय रक्तगट’, ‘या लोकांना रक्त मिळणं अशक्य’. काही जण तर त्याला आजार म्हणून मोकळे होतात. हा आजार नाही. ही माणसं आपल्यासारखीच निरोगी असतात. प्रश्न येतो तो फक्त रक्त घ्यायची किंवा द्यायची वेळ आली की.

आणि ती फार दूरची माणसं नाहीत. युरोपात हा गट साधारण दहा लाखांत एकाचा असतो. भारतात अंदाजे १०,००० मध्ये एक, आणि मुंबईत झालेल्या एका जुन्या पाहणीत तर ७,६०० मध्ये एक असं प्रमाण निघालं होतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती. दहा हजारांत एक धरला तरी या शहरात बाराशेच्या आसपास अशी माणसं असणार. त्यांतल्या बहुतेकांच्या कार्डावर आज काय लिहिलेलं असेल? ‘ओ पॉझिटिव्ह’.

माझा राग इथे आहे. शाळेच्या ओळखपत्रासाठी, ऑफिसच्या शिबिरात, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये काचेवर दोन थेंब टाकून रक्तगट सांगितला जातो. त्यात फक्त टोपी आहे की नाही एवढंच बघतात. खुंटीकडे कुणी पाहत नाही. परवानाधारक रक्तपेढीत उलटी तपासणीही करतात, म्हणजे तुमचं रक्तद्रव ए, बी आणि ओ पेशींशी जुळवून पाहतात. तिथे ओ पेशींच्या गुठळ्या झाल्या की बॉम्बे गटाचा संशय येतो. शिवाय रक्त देण्याआधी क्रॉसमॅच करतात, त्यातही हे पकडलं जातं. धोका असतो तो अपघातात, बाळंतपणातल्या रक्तस्रावात, जेव्हा क्रॉसमॅचला वेळ नसतो आणि ‘ओ कुणालाही चालतं’ म्हणून बाटली लावली जाते.

म्हणून काही साध्या गोष्टी करा:

- कार्डावरचा रक्तगट हा अंदाज समजा. ठरलेलं ऑपरेशन असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर रक्तपेढीत पूर्ण तपासणी करून घ्या.
- ‘कुठलंच ओ रक्त जुळत नाहीये’ असं रक्तपेढीने कधी सांगितलं असेल, तर तो कागद जपून ठेवा आणि एच अँटिजनची तपासणी झाली का, ते विचारा.
- घरात एकाचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. आईवडील नात्यातले असतील तर हा गट दिसण्याची शक्यता वाढते, कारण दोघांकडूनही तोच जीन यावा लागतो.
- तुम्ही स्वतः बॉम्बे गटाचे असाल, तर रक्तपेढीकडे आणि अशा दात्यांची यादी ठेवणाऱ्या संस्थांकडे नाव नोंदवा. शिबिरात सरसकट रक्त देऊ नका. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवसांतच मुदतबाह्य होतात. बोलावणं येईल तेव्हा द्या.

‘रहस्यमय रक्तगट’ या संदेशात यातली एकही ओळ नसते.

दुर्मिळ, पण कुणासाठी?

‘दुर्मिळ’ या शब्दावरच माझा दुसरा आक्षेप आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून पोरंबाळं आणि शेतात राबणारी माणसं मरत होती. घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी भरायचं आणि काही तासांत खेळ संपायचा. मोठ्या शहरांत शिकवल्या जाणाऱ्या जाडजूड पुस्तकांत या विषबाधेला जेमतेम जागा होती. लंडन-न्यूयॉर्कसाठी ती दुर्मिळ होती. बिरवाडीसाठी ती रोजची होती.

बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो आणि हृदयावर ताण येतो, हे ओळखलं. १९८२ मध्ये धोक्याची लक्षणं आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ती स्वस्त गोळी आज खेड्यापाड्यातल्या दवाखान्यातही विंचूदंशावर दिली जाते आणि असे मृत्यू फार कमी झाले आहेत. ते एवढ्यावर थांबले नाहीत. २०११ मध्ये ७० रुग्णांवर रीतसर तुलनात्मक चाचणी करून, प्राझोसिनच्या जोडीला विंचूविरोधी लस दिली तर किती फरक पडतो, हे त्यांनी ‘बीएमजे’मध्ये छापलं. पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये.

यातला क्रम लक्षात घ्या. आधी एकेक रुग्ण, मग अनेक रुग्णांच्या नोंदी, मग उपचार, मग तुलना. केस रिपोर्ट ही पहिली पायरी असते. आपल्याकडे मात्र पहिल्याच पायरीवर ढोल वाजतात.

नकोसा वाटणारा रिपोर्ट

ज्या दुर्मिळ केसमध्ये डॉक्टरचं कौतुक असतं तिला माइक मिळतो. जिच्यात आपल्या व्यवस्थेचं अपयश असतं तिचं काय होतं?

डिसेंबर २०११ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकन नियतकालिकात छोटंसं पत्र छापलं. चार रुग्णांच्या टीबीचे जंतू तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. त्यांनी त्याला ‘संपूर्ण औषधप्रतिरोधक टीबी’ म्हटलं. लगेच वादळ उठलं. ही संज्ञाच मान्य नाही, असं सरकारने म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती संज्ञा स्वीकारली नाही. शब्दावर वाद घालायला हरकत नाही. पण त्या पत्रातला खरा झोंबणारा भाग वेगळाच होता. चारपैकी तिघांना वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांनी दुसऱ्या फळीची औषधं एकेक करून, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत दिली होती. म्हणजे हे जंतू आभाळातून पडले नव्हते. ते आम्ही डॉक्टरांनी घडवले होते.

याच गटाने आधी धारावीतल्या १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीची औषधयोजना लिहायला सांगितलं होतं. त्यांनी ६३ वेगवेगळ्या योजना लिहिल्या. बरोबर योजना लिहिली ती फक्त सहा डॉक्टरांनी.

पुढे मे २०१२ मध्ये टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं सगळ्या डॉक्टरांना बंधनकारक झालं आणि मुंबईतल्या टीबीकडे नव्याने लक्ष गेलं. चार रुग्णांच्या त्या पत्राने ही चर्चा ऐरणीवर आणली. त्यात कुणी हिरो नव्हता, यशस्वी ऑपरेशन नव्हतं, हार-तुरे नव्हते. तरीही माझ्या मते या शहरातून गेल्या काही दशकांत छापल्या गेलेल्या नोंदींमध्ये तिचं मोल फार मोठं आहे. असा रिपोर्ट छापायला जास्त धाडस लागतं.

केसांचा गोळा आणि मुलगी

आता नेहमीच्या बातमीकडे या. मुलीच्या पोटातून अमुक किलो केसांचा गोळा काढला, ही बातमी देशात कुठे ना कुठे वारंवार येते. सोबत ट्रेमधल्या गोळ्याचा फोटो आणि शेजारी हसणारे डॉक्टर. गोळ्याचं वजन कळतं, लांबी कळते, ऑपरेशन किती तास चाललं ते कळतं. हा प्रकार वैद्यकाला नवा नाही. गोळ्याचं शेपूट आतड्यात उतरतं त्या प्रकाराला १९६८ पासून परीकथेतल्या लांबकेसी राजकन्येचं, रॅपन्झेलचं नाव आहे.

बातमीत गळतं ते असं. ती मुलगी स्वतःचे केस उपटून का खात होती? ही सवय बहुधा मनाच्या अस्वस्थतेतून येते आणि तिच्यावर उपचार असतात. मानसोपचार झाले नाहीत तर पुन्हा गोळा होऊ शकतो. डोक्यावर मध्येच विरळ चकत्या दिसतात, भूक जाते, पोटात घट्ट गाठ लागते. ही लक्षणं वाचून एखादी आई आपल्या मुलीला वेळेत घेऊन आली असती. वजनाचा आकडा वाचून ती काय करणार?

शिवाय त्या मुलीचं पुढे काय? नाव छापलेलं नसतं, पण वय, इयत्ता आणि वस्ती छापलेली असते. समजा, ‘लालबागच्या अमुक चाळीतली आठवीतली मुलगी’ एवढंच लिहिलं. संध्याकाळपर्यंत ती कोण, हे चाळीतल्या चारही मजल्यांना ठाऊक असतं. शाळेत तिला कोणत्या नावाने हाक मारतील, याचा विचार फोटो काढताना कुणी केला होता का? रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचा फोटो किंवा केस रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्वच्छ लिहिलं आहे. स्वतःची जाहिरात होईल असं वृत्तपत्रात लिहिणं किंवा मुलाखती देणंही त्यात निषिद्ध आहे. बिल कमी करून दिलेल्या रुग्णालयाने डिस्चार्जच्या वेळी ‘एक फोटो काढू ना?’ असं विचारलं, तर कुठला बाप नाही म्हणेल? ती परवानगी नव्हे. ती उपकाराची परतफेड झाली.

‘पण त्याने जागृती होते ना?’

हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. त्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या स्नायूंच्या जनुकीय आजारासाठी सुमारे १६ कोटी रुपयांचं औषध लागणार होतं. आईवडिलांनी स्वतःहून लोकांना साद घातली, वर्गणी जमली, सरकारने कर माफ केला. बातमीशिवाय हे झालं नसतं. तिथे निर्णय आईवडिलांचा होता आणि फायदा बाळाचा होता. माझा आक्षेप त्याला नाही.

पण जागृती म्हणायची तर पुढचं वाक्य छापा. त्याच वर्षी केंद्र सरकारने दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. ठरावीक केंद्रांमार्फत उपचारासाठी आता ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि त्या केंद्रांत आपलं केईएम आहे. अशा आजाराचं मूल घरात असलेल्या किती कुटुंबांना हे माहीत आहे? ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ सगळ्यांच्या तोंडी आहे. केईएमचा पत्ता मात्र कुणी विचारत नाही, कारण कुणी सांगितलेलाच नाही. ५० लाख हे १६ कोटींपुढे तुटपुंजेच आहेत, आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारायला हवा. पण दरवाजा कुठे आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तो ठोठावणार कसा?

दुसरं नुकसान आणखी मोठं आहे. एका रुग्णाला गुण आला म्हणजे उपाय सिद्ध झाला, अशी सवय या बातम्यांनी लावली आहे. यश आलेल्या केसेस छापल्या जातात, फसलेल्या कपाटात राहतात. दहा जणांवर केलेला उपाय नऊ जणांत फसला आणि एकाची बातमी आली, तर वाचकाला तो रामबाण वाटतो. मग आजारी माणूस दागिने मोडून त्या दारात उभा राहतो. केस रिपोर्ट प्रश्न उभा करतो. उत्तर मिळायला बावस्करांसारखी वर्षं घालवावी लागतात.

मग करायचं काय?

डॉक्टरांना माझं सांगणं आहे: आधी नोंद छापा, मग माइक हातात घ्या. सहा महिन्यांनी रुग्ण कसा आहे, तेही लिहा. फसलेली केसही लिहा. परवानगी ऑपरेशनच्या गडबडीत मागू नका आणि नाही म्हटलं तर चेहरा पाडू नका. पत्रकारांना विनंती आहे की वय, इयत्ता, वस्ती गाळा आणि ‘पहिलीच’ हा शब्द पुराव्याशिवाय छापू नका.

आणि तुम्ही? पुढच्या वेळी अशी बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा. हा आजार ओळखायचा कसा, ते यात सांगितलं आहे का? रुग्ण आता कसा आहे? हा उपाय आणखी किती जणांवर केला आणि त्यांचं काय झालं? खर्च किती, सरकारी सोय कुठे? ही बातमी माझ्या मुलीची असती तर मला चालली असती का? उत्तरं मिळाली नाहीत, तर ती बातमी तुमच्यापाशीच थांबू द्या.

वाचून स्वतःला तोच आजार झाल्याची भीती वाटली, तरी घाबरू नका. नेहमीचा आजार विचित्र रूपात येणं हे विचित्र आजार येण्यापेक्षा कितीतरी जास्त घडतं. आपल्या भागात लांबलेला खोकला, रोज संध्याकाळी येणारा ताप, उतरणारं वजन यांचा अर्थ आधी टीबी तपासणे असाच होतो. ती तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते.

आणि या आठवड्यात एक काम नक्की करा. पाकिटातलं ते रक्तगटाचं कार्ड बाहेर काढा. त्यावर ‘ओ’ लिहिलेलं असेल आणि तो गट तुम्हाला कुठल्या शिबिरात काचेवरच्या दोन थेंबांवरून सांगितला असेल, तर रक्तपेढीत जाऊन रक्त द्या. तुमच्या रक्ताची पूर्ण तपासणी तिथे आपोआप होईल, आणि ती बाटली कुणाच्या तरी उपयोगी पडेल.